मळमड्डीतली टेलिफोनवाली

११ नोव्हेंबर, सोमवार

ही वही डॉक्टरांनी रक्तदाब लिहून ठेवायला सांगितली म्हणून आणली. आज आकडा लिहीत नाही. सकाळी जे वाचलं त्यानंतर मोजायला बसले असते तर यंत्रच फुटलं असतं.

आम्हा निवृत्त ऑपरेटर बायकांचा एक व्हॉट्सअॅप गट आहे. एरवी त्यावर गुलाबाची फुलं आणि सुविचार येतात. आज कुणीतरी जाहिरात टाकली. हुबळीला विद्यानगरात फोटो स्टुडिओ असलेला कुणी प्रवीण लोकांना भुतं शोधायला घेऊन जातो म्हणे. लग्नाचे फोटो काढून पोट भरत नसावं. जाहिरात जशीच्या तशी उतरवते:

‘मळमड्डीतली टेलिफोनवाली! प्रियकरानं फोन उचलला नाही. त्या विरहात तिनं प्राण सोडले. रिसीव्हर तसाच लोंबकळत राहिला. आजही रात्री आठनंतर त्या बंद घरात घंटा वाजते. शनिवारी आमच्यासोबत चला. पहिल्यांदा येणाऱ्यांचं विशेष स्वागत.’

खाली घराचा फोटो. घर अंबूताईचं, इथं धारवाडच्या मळमड्डीतलं. पायरीवरचा फुटका कुंडा मी ओळखते, तो माझ्याच पायानं फुटला होता.

अंबूताई आणि मी तेहतीस वर्षं हुबळीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारच्या खुर्च्यांवर बसलो. धारवाडहून जायची बस एक, यायची बस एक, डबा अर्धा अर्धा. तिचंही लग्न झालं नाही, माझंही नाही. तिला प्रियकर असता तर मला कळला असता, आणि तिनं त्याला ट्रंक कॉलच्या तीन मिनिटांच्या वर बोलू दिलं नसतं. एकोणसत्तर वर्षांची बाई, साखर तीनशेच्या घरात, दोन्ही गुडघे गेलेले. ती म्हणे विरहात गेली! पक्षाघातानं गेली ती. डॉक्टरांनी तसं लिहून दिलेलं आहे. सकाळी दूधवाल्यानं खिडकीतून पाहिलं. रिसीव्हर लोंबकळत होता, तेवढं मात्र खरं.

गटावर राधानं ‘पुअर अंबू’ लिहून हात जोडले. मी लिहिलं, ‘ही शुद्ध बदनामी आहे.’ त्यावर तिघींनी अंगठा दाखवला. संपलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

अंबूताईचा भाचा संजीव बेळगावला असतो. घर आता त्याचं. त्याला फोन लावला.

“मावशी, चावी मीच दिली,” तो म्हणाला. लाज नाही. “घर रिकामं पडलंय. भाडेकरू येतात, बघतात, शेजारचे काहीतरी सांगतात, की पळाले. प्रवीण म्हणाला, तपासून सांगतो. नाही म्हणाला तर बरंच की.”

“आणि आहे म्हणाला तर?”

“तर आहे. मी काय करू?”

“सख्ख्या आत्याला भूत करतोस. तिचं वर्षश्राद्ध तरी घातलंस का रे?”

तो म्हणाला, “मावशी, शेवटी शेवटी तुम्ही आत्याकडं किती वेळा गेला होतात?”

इथं फोन कट झाला. बेळगावची लाइन हल्ली फार वाईट आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मी जाणार आहे. हेतू स्पष्ट लिहून ठेवते: या लोकांना उघडं पाडणं आणि अंबूताईच्या नावाला लागलेला डाग पुसणं. दुसरा कोणताही हेतू नाही.

नाव नोंदवायला फोन केला तर प्रवीणची बायको रूपा बोलली. गोड बोलते. मी नुसतं ‘उत्तराबाई, निवृत्त’ एवढंच सांगितलं. कुठून निवृत्त, तिनं विचारलं नाही. भूत शोधणाऱ्यांनी निदान माणसांची तरी चौकशी करावी.

संध्याकाळी तिनं ‘पहिल्या वेळी येणाऱ्यांसाठी सूचना’ पाठवल्या. अत्तर, पावडर लावू नये. काचेच्या बांगड्या नकोत. सळसळणारी साडी नको, म्हणजे माझी सगळी कपाटं बाद. टॉर्च आणावी. पोटभर जेवून यावं. फार अपेक्षा ठेवू नये, बहुतेक वेळा काहीच घडत नाही (हे वाचून माझं मत अर्धा टक्का सुधारलं). कुजबुजू नये, बोलायचं तर स्पष्ट बोलावं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: आपल्या हातून कोणताही आवाज झाला, खोकला, ढेकर, खुर्ची करकरली, तर तिथल्या तिथं मोठ्यानं सांगावं, ‘तो मी.’ नाहीतर नंतर रेकॉर्डिंग ऐकताना तोच आवाज भुताचा वाटतो.

सिस्टरनी आम्हाला कॉन्व्हेंट शाळेत नेमकं उलट शिकवलं होतं. ढेकर आला तर गिळायचा आणि शेजारणीकडं बघायचं.

शेवटची सूचना: गेलेल्या व्यक्तीच्या ओळखीची वस्तू असल्यास आणावी. माझ्याकडं तिची एकही वस्तू नाही. एक स्टीलचा डबा होता, तो धुऊन रिक्षावाल्या हणमंताच्या हाती परत पाठवला होता. कधी, ते इथं महत्त्वाचं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

काल जाऊन आले. काहीही झालं नाही. तरी क्रमानं लिहिते.

हणमंत रिक्षातून घेऊन गेला. बावीस वर्षं त्याच्याच रिक्षात बसते. अंबूताईच्या दारात थांबल्यावर त्यानं इंजिन बंद केलं नाही. “अक्का, मी कोपऱ्यावर थांबतो,” म्हणाला. “इथं काय भीती?” म्हटलं तर म्हणाला, “भीती नाही हो. बंद घर बघवत नाही.”

प्रवीण पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला, अगदी शांत माणूस. मला मंतरलेले दोरे आणि लिंबं अपेक्षित होती. त्यानं आधी प्लंबरसारखं सगळं घर तपासलं. कुठल्या खिडकीची कडी हलते, शेजारच्या इन्व्हर्टरचा आवाज कुठवर येतो, सगळं वहीत लिहिलं. दिवे लुकलुकणारं एक यंत्र होतं. ते भिंतीजवळ पेटलं तसा नवनगरहून आलेला एक नवरा किंचाळला. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला भूत दाखवायला आणलं होतं त्यानं. मी म्हटलं, “आत वायर आहे. बटण कुठंय ते बघा.” प्रवीण म्हणाला, “बरोबर, मॅडम.” उघडं पाडायला आलेल्या माणसाला असं ‘बरोबर मॅडम’ म्हणणं हा खवचटपणाच.

मग दिवे घालवले. भुताचा शोध म्हणजे काय ते एका वाक्यात सांगते: अंधारात बसायचं आणि ढेकर कबूल करायचे. “तो मी.” “माझा गुडघा.” “सॉरी, माझं पोट.” पाऊण तास हेच. इतक्या वर्षांत इतकी माणसं इतकं खरं बोलताना मी ऐकली नव्हती.

मध्येच प्रवीणनं इंग्रजीत विचारायला सुरुवात केली, इथं कुणी आहे का, असल्यास खूण करा. नंतर तेच कन्नडमध्ये. मला राहवेना. “ही बाई इंग्रजी फक्त खुर्चीवर बसल्यावर बोलायची,” मी म्हटलं. “कन्नड बाजारात. घरी मराठी.”

“तुम्ही ओळखत होता त्यांना?” रूपानं विचारलं.

“तोंडओळख.”

“मग तुम्हीच विचारा की.”

“मी भुतांशी बोलत नाही.”

शेवटी एकेकाला वीस मिनिटं एकट्यानं बसवतात. बाकीचे अंगणात. माझी पाळी आली ती बाहेरच्या खोलीत, तिच्या वेताच्या खुर्चीवर. शेजारी स्टूल, स्टुलावर फोन, लाइन केव्हाच तोडलेली. प्रवीणनं एक रेडिओ लावून ठेवला. तो सारखी स्टेशनं बदलत राहतो आणि खरखर करतो. भुतं त्या खरखरीतून शब्द उचलतात असं त्याचं म्हणणं. शेजारी रेकॉर्डर. दार ओढून ते गेले.

पावसाळ्यात कारवारची लाइन अशीच खरखरायची. आम्ही कानाला हेडफोनचा पट्टा लावून त्या खरखरीत माणूस शोधायचो. घाटात झाड पडलेलं असायचं आणि पलीकडं कुणाचा तरी बाप दवाखान्यात. अंबूताईचा कान सगळ्यांत चांगला. मला नुसता पाऊस ऐकू यायचा तिथं तिला माणूस ऐकू यायचा.

वीस मिनिटं कशी गेली ते कळलं नाही, बहुतेक डोळा लागला. प्रवीणनं टॉर्च मारली तेव्हा माझा हात फोनवर होता. आधाराला ठेवला असणार.

“काही जाणवलं?” त्यानं विचारलं.

“डास,” मी म्हटलं.

घरी येऊन दूध गरम केलं आणि न पिता झोपले.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

एक विचित्र सवय लागली आहे. कालपासून घरात आवाज झाला की मी मोठ्यानं सांगते. “तो फ्रिज.” “कुकरची शिट्टी.” “मांजर, पत्र्यावर.” “तो मी, कपाट.” 

दिवसभरात माझं बोलणं एवढंच झालं, हे रात्री ध्यानात आलं. इथं कुणी रेकॉर्डर लावला असता तर काम सोपं होतं. सगळे आवाज माझेच.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

रूपाचा फोन आला. आवाज दबलेला. “बाई, तुम्ही त्या वीस मिनिटांत काही बोलला होता का?”

“मी? मी कशाला बोलू?”

“नक्की ना? झोपेत वगैरे?”

“रूपाबाई, मी कधी बोलले आणि कधी नाही हे मला कळतं.”

“तसं नव्हे. प्रवीणला खात्री करायची आहे. सगळं तुमच्या शब्दावर आहे.”

मग तिनं क्लिप पाठवली. अकरा सेकंदांची. आधी खरखर. त्यात एक बाई, अगदी हळू, दमलेली:

“बोल गं. ऐकते आहे मी. बोल.”

मी रूपाला परत फोन करून सांगितलं, “मी बोलले नव्हते.”

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

कालपासून किती वेळा ऐकलं ते लिहीत नाही. मोबाइल दोनदा चार्ज केला.

ऑपरेटरचा कान फसत नाही. हा तिचाच आवाज. ‘ऐकते आहे’ म्हणताना श्वास सोडायची ती लकब तिचीच, तेहतीस वर्षं उजव्या कानानं ऐकलेली. आणि ‘गं’ म्हणते. म्हणजे बाईशी बोलते. प्रियकर गेला चुलीत. ती माझ्याशी बोलते आहे.

मी भुतंखेतं मानत नाही. पण ती काही भूत नव्हे, ती अंबूताई आहे. या दोन्हीत फरक आहे.

तर आता लिहायला हवं. तिनं एवढी वाट पाहिली, तर मला एक पान लिहायला काय होतं?

तिच्या घरी बसलो होतो. डिसेंबर होता. तिनं गुडघ्याला तेल चोळता चोळता म्हटलं, “उत्तरे, आता एकटीनं होत नाही बघ. तू ये इकडं राहायला. एक चूल, दोन खाटा.” मला काय ऐकू आलं कोण जाणे. तिच्या घरात, तिच्या चुलीपुढं मी, तिचं दुखणं काढत. मी म्हटलं, “कामवाली हवी असेल तर पेपरात जाहिरात दे.” तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली. मी उठून आले आणि दुसऱ्या दिवशी डबा परत पाठवला.

रोज रात्री आठला तिचा फोन यायचा, निवृत्त झाल्यापासून रोज. त्यानंतरही येत राहिला. मी उचलला नाही. सहा आठवडे. आधी राग होता. मग राग गेला, पण उचलून म्हणायचं काय, ते सुचेना. वाजून वाजून थांबायचा. थांबला की मी जेवायला बसायची.

नऊ फेब्रुवारीला मी मेथी निवडत होते. आठ वाजून पाच मिनिटांनी वाजला. थांबला. मग पुन्हा वाजला. पुन्हा असा कधी वाजत नसे, ती एकदाच करायची. मी दाराकडं बघितलं, फोनकडं बघितलं आणि मेथी निवडत राहिले. सगळी निवडून झाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी शेजारी, पोलीस, संजीव, सगळे म्हणाले की शेवटचा फोन कुणाला लावत होती कळत नाही. मी तिथं उभी होते. मी म्हटलं, “हो ना, कळत नाही.”

पण आता ती ‘ऐकते आहे’ म्हणाली. रागात असती तर म्हणाली नसती.

आज कितीतरी दिवसांनी नीट जेवले. दोन भाकरी.

२४ नोव्हेंबर, रविवार

प्रवीण येत्या रविवारी ती क्लिप त्याच्या यूट्यूबवर टाकणार आहे. वर तिचा फोटो (संजीवनंच दिला असणार) आणि नाव: ‘टेलिफोनवाली अखेर बोलली.’ रूपा म्हणाली, “बाई, तुम्ही होता म्हणून वजन आहे याला. सगळ्यांत मोठी नास्तिक बसली असताना आवाज आला.” मी म्हटलं, तो प्रियकराचा मूर्खपणा तेवढा काढा. ती म्हणाली, बघू, लोकांना तेच आवडतं.

संध्याकाळी औषधं आणायला हणमंताची रिक्षा. तो अंबूताईलाही वर्षानुवर्षं न्यायचा, तेव्हा त्याला ऐकवायचा मोह झाला. रिक्षा झाडाखाली लावून त्यानं मोबाइल कानाला धरला. क्लिप दोनदा ऐकली. मग माझ्याकडं असा बघू लागला जसं मी त्याची चेष्टा करते आहे.

“अक्का, इदु निम्म दनी री.”

माझा आवाज म्हणे.

“वेडा आहेस का? ही अंबूताई.”

“अंबक्काचा आवाज जाड होता हो. नाकातला. हा तुमचा. रोज फोन करून ‘हणमंता, ये रे, मी दारात उभी आहे’ म्हणता, तोच आवाज.” मग त्यानंच सारवलं, “जरा रडल्यासारखा आहे, एवढंच.”

“मी रडत नाही.”

“नाही, अक्का.”

औषधं न घेताच परत आले.

२५ नोव्हेंबर, सोमवार

स्वतःचा आवाज मोबाइलवर भरला. खरखरीसाठी नळ सोडला. तीच तीन वाक्यं म्हटली. नळ बंद करून दोन्ही एकापाठोपाठ ऐकली.

अंबूताईचा आवाज जाड होता. नाकातला होता. बरोबर आहे. मी तो विसरले होते.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

रात्रभर एकच हिशेब. गप्प बसले तर कुणाला कळणार नाही. हणमंत बोलणार नाही. क्लिप राहील, आणि ती खोटी आहे हे ठाऊक असूनही मी ती ऐकत राहीन, हेही मला ठाऊक आहे. तीन दिवस अंबूताई घरात होती. पण मी गप्प बसले तर सगळं जग तिला न उचललेल्या फोनसाठी तडफडणारं भूत म्हणेल, आणि ते माझ्या साक्षीवर. एकदा गप्प बसून झालं आहे.

चिगरी बसनं हुबळीला गेले. स्टुडिओत एक नवरी फोटो काढून घेत होती, तिचं आवरेपर्यंत बाकावर बसले. मग प्रवीण आणि रूपा दोघांनाही समोर बसवलं.

“तो आवाज माझा आहे,” मी म्हटलं.

प्रवीण खुर्चीत मागं टेकला. “मॅडम, तुम्हीच म्हणाला होता, नाही म्हणून. दोनदा.”

“मला ठाऊक नव्हतं.”

“एकच तर नियम आहे आमचा. आवाज झाला की सांगायचं.”

“नियम कळला मला! तेहतीस वर्षं खरखर ऐकली की ‘बोला, ऐकते आहे’ म्हणायची सवय. तोंडातून गेलं असेल. सांगायला आले आहे ना आता? नसते आले तर तुम्हाला कळलं असतं?”

“नसतं कळलं,” तो म्हणाला. चिडला नव्हता. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं कॉम्प्युटरवर क्लिप उघडली, एकदा ऐकली आणि मान हलवली. “सात वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मिळालं होतं,” म्हणाला.

रूपा माझ्याकडंच बघत होती. “बाई, तुम्ही एक्स्चेंजमध्ये ‘बोला’ म्हणत असाल,” ती म्हणाली. “इथं ‘बोल गं’ आहे. ही तोंडओळख नव्हे.”

मी पर्स उघडली, बंद केली. मग सांगितलं. मेथीसकट. मध्ये कुणीतरी पासपोर्टच्या फोटोला आलं, रूपानं त्याला दारातूनच परत पाठवलं.

सांगून झाल्यावर प्रवीण म्हणाला, “म्हणजे प्रियकर नव्हताच.”

“मैत्रीण होती. आणि ती तिच्या लायकीची नव्हती. तुम्हाला गोष्टच हवी असेल तर ही घाला, पण खरी घाला.”

“कॅमेऱ्यापुढं सांगाल?”

“केस ठीक करू द्या,” मी म्हटलं.

१ डिसेंबर, रविवार

व्हिडिओ आला. ‘मळमड्डीच्या घरात भूत नाही.’ प्रवीणनं सगळं ठेवलं आहे: वायर, इन्व्हर्टर, माझी वीस मिनिटं, माझं तोंड. कॅमेऱ्यात मी माझ्या आईसारखी दिसते, हे कुणी सांगितलं नव्हतं. अंबूताईचा फोटो शेवटी आहे आणि खाली ‘टेलिफोन ऑपरेटर, धारवाड’ एवढंच. प्रियकर गेला.

संजीवचा मेसेज: ‘मावशी, आभारी आहे. आता भाडेकरू मिळेल.’ त्याखाली दुसरा, अर्ध्या तासानं: ‘आत्या तुमच्याबद्दल कधी वाईट बोलली नाही.’ पावणेतीन वर्षं हे वाक्य या मनुष्यानं कुठं ठेवलं होतं?

४ डिसेंबर, बुधवार

भूत नसलेला व्हिडिओ कोण बघणार, असं मला वाटलं होतं. मळमड्डीत सगळ्यांनी बघितला. आज भाजीवालीनं वांगी तोलता तोलता विचारलं, “फोन एत्तलिल्लेन री, अक्का?” उचलला नाहीत का. नुसतं कुतूहल, वाईट हेतू नाही.

“नाही उचलला,” मी म्हटलं. मागं उभी असलेली बाई आपल्या पिशवीत बघू लागली.

गटावर राधानं काहीही लिहिलं नाही. कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी गुलाब आला.

देवळाच्या ओट्यावर माझ्या शेजारी बसणाऱ्या दोघी आज पलीकडं बसल्या. यात अन्याय नाही. मीही सरकले असते. अंबूताईच्या घरावरून गेले तर दार उघडं होतं, कुणी नवराबायको खोल्या बघत होते, बाई स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणत होती की ओटा फार बुटका आहे. ओटा बुटकाच आहे. अंबूताईची उंची कमी होती.

७ डिसेंबर, शनिवार

दुपारी रूपानं मेसेजवर विचारलं, गदगची एक बाई तुमचा नंबर मागते आहे, देऊ का? मी लिहिलं, शिव्या द्यायच्या असतील तर दे, घरी बसून दुसरं काम नाही.

चारच्या सुमाराला मोबाइल वाजला. बाई पन्नाशीची वाटली. आधी बराच वेळ माझी तब्येत, गदगची थंडी. मग म्हणाली, थोरल्या बहिणीनं मुलीच्या लग्नपत्रिकेत हिच्या नवऱ्याचं नाव घातलं नव्हतं. दोन वर्षं झाली, बोलणं नाही. व्हिडिओ बघितल्यापासून झोप नाही.

“अक्का, चूक तिचीच होती हो,” ती म्हणाली. “नाव नको घालायला? तुम्हीच सांगा.”

“घालायला हवं होतं.”

“मग?”

“मग माझ्याशी काय बोलताय? ठेवा, आणि तिला लावा.”

“आत्ता?”

“नाहीतर काय मुहूर्त काढताय?”

ती हसली आणि हसता हसता तिचा आवाज फिरला. आठवड्यात मला आलेला हा एकच फोन होता. आणखी पाच मिनिटं ती बोलली असती. तिला बोलायचंच होतं.

“आणि तिनं उचललाच नाही तर?” तिनं विचारलं.

ती पलीकडं थांबली होती.

“वाजू द्या,” मी म्हटलं. “ती ऐकत असते.”

“बरं, अक्का,” म्हणाली आणि ठेवला. नाव विचारायचं राहिलं.